एक दमा, पाच फायली

गेल्या दिवाळीच्या आधी आत्ती तासगावहून एसटीनं सांगलीला आली आणि माझ्या मेडिकलच्या काउंटरवर तिनं पिशवी पालथी केली. पाच फायली, दोन एक्स-रे, सुटी बिलं, अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, तीन निळे पंप, कॅप्सूलमधली पूड ओढायचा एक रोटाहेलर आणि डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली. "ह्यातलं कुटलं घ्याचं आन कुटलं न्हाई, तेवढं सांग बाई," म्हणाली आणि स्टुलावर बसून धापा टाकायला लागली. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आली होती, एवढंच.

आत्तीला बावीस वर्षं दमा आहे. मी चौदा वर्षं औषधं विकते. तरी तिची सगळी औषधं एका जागी मांडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मीच काय, तोवर कुणीच पाहिली नव्हती. छातीचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे, गावातले फॅमिली डॉक्टर वेगळे, आणि रात्री-अपरात्री दम उसळला की ॲडमिट व्हायचं हॉस्पिटल वेगळं. प्रत्येकानं आपापल्या परीनं नीट औषध दिलेलं. पण एका फाईलमधलं दुसऱ्या फाईलला ठाऊक नव्हतं.

थेंबांच्या बाटलीवर नाव होतं टिमोलॉल. काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरवायला हे औषध चांगलं आहे, पण ते बीटा-ब्लॉकर गटातलं, म्हणजे एरवी रक्तदाब आणि हृदयाचे ठोके उतरवायला देतात त्या औषधांच्या गटातलं. डोळ्यात टाकलेला थेंब अश्रूंच्या बारीक नळीतून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतो. दमा असलेल्याला हे देऊ नये असं सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. आत्तीनं डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं सांगितलंच नव्हतं. "डोळ्याच्या डॉक्टरला छातीचं कशाला सांगू?" आणि छातीच्या डॉक्टरांना थेंबांचं ठाऊक नव्हतं. त्यात आणखी एक गोष्ट: वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. म्हणजे दम्यासाठी गोळी, गोळीनं कदाचित डोळ्याचा दाब, दाबासाठी थेंब, आणि थेंबानं परत दमा. मी तिच्यासमोरच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी त्याच संध्याकाळी थेंब बदलून दिले.

हा लेख त्या पिशवीमुळं लिहितेय. तीव्र दमा एकट्या डॉक्टरनं, मग तो कितीही हुशार असो, सांभाळण्यासारखा आजार नाही. त्याला टीम लागते, आणि टीमला एकमेकांचं ठाऊक असावं लागतं. हे का, ते नीट समजून घ्यायचं तर आधी नळ्यांकडं बघू.

ठिबकची नळी

तासगाव-कवठेमहांकाळ भागात द्राक्षबाग कुणाला समजावून सांगायला नको, म्हणून ठिबकचंच उदाहरण घेते. वेलीपर्यंत पाणी पोचत नसेल तर नळी बाहेरून कुठंतरी दबली असेल, किंवा आतून क्षार चढून भोक अरुंद झालं असेल, किंवा शेवाळ-गाळ अडकला असेल. दम्यात श्वासनळ्यांचं हे तिन्ही एकदम होतं. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ बुचासारखा बसतो.

लोक माझ्याकडं "निळा पंप द्या" म्हणून येतात, तो साल्बुटामॉलचा. तो फक्त आवळलेले स्नायू सैल करतो. दबलेल्या नळीवरचा दगड उचलल्यासारखं. दहा मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तासांत परिणाम ओसरतो आणि आतली सूज होती तिथंच राहते. सूज उतरवतं ते ओढायचं स्टेरॉइड, म्हणजे बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन वगैरे. ते रोज घ्यावं लागतं, बरं वाटत असतानाही. म्हणूनच ते सुटतं. ज्या औषधानं लगेच बरं वाटत नाही ते घेत राहायला माणसाचं मन तयार होत नाही.

"पंपाची सवय लागते" हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा तरी ऐकते. म्हणणारी हीच माणसं स्टेरॉइडची सुई आणि गोळी मात्र बिनघोर घेतात. ओढायच्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. ओढलेलं औषध थेट नळीवर पडतं, गोळी मात्र सगळ्या अंगभर फिरते. आयुष्यात स्टेरॉइड गोळ्यांचे चार-पाच छोटे कोर्स झाले तरी मधुमेह, मोतीबिंदू, हाडं ठिसूळ होणं यांचा धोका वाढायला लागतो. आत्तीचे एका वर्षातच तेवढे झाले होते.

निळ्या पंपाचंही गणित आहे. एका पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर जोराचा अटॅक येण्याचा धोका वाढतो. बारा किंवा जास्त लागत असतील तर जिवाचा. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'गिना' या जागतिक संस्थेनं २०१९ साली सांगून टाकलं की मोठ्या माणसांत नुसता निळा पंप हा दम्याचा उपचार धरू नये. सुजेवरचं औषध सोबत हवंच. आत्तीची बिलं मी मोजली तेव्हा वर्षात चौदा पंप निघाले, वेगवेगळ्या तीन दुकानांतले. कुठल्याही एका दुकानदाराला चौदा दिसले नव्हते.

तीव्र कशाला म्हणायचं

खूप दम लागतो म्हणजे तीव्र दमा असं आपण धरून चालतो. वैद्यकात त्याचा अर्थ जास्त नेमका आहे. ओढायच्या स्टेरॉइडची मोठी मात्रा आणि सोबत नळ्या दीर्घकाळ सैल ठेवणारं औषध, ही दोन्ही रोज, बरोबर पद्धतीनं घेऊनसुद्धा आणि दमा चाळवणाऱ्या बाकी गोष्टींचा बंदोबस्त करूनसुद्धा जो आटोक्यात येत नाही, किंवा मात्रा उतरवली की उसळतो, तो तीव्र दमा.

नेदरलँड्समध्ये झालेल्या एका पाहणीचे आकडे यासाठी फार उपयोगाचे आहेत. दम्याच्या १०० प्रौढ रुग्णांत साधारण १७ जणांचा दमा मोठी औषधं चालू असूनही बेभरवशाचा होता. पण त्यांतले कोण औषध बरोबर ओढतं, कोण नियमित घेतं, हे तपासलं तेव्हा खरोखरचा तीव्र दमा चारपेक्षा कमी जणांत उरला, ३.७ टक्के. म्हणजे सतरातल्या तेराजणांना आणखी भारी औषधाची गरज नव्हती. गरज होती ती कुणीतरी शेजारी बसून "औषध कसं घेता, माझ्यासमोर घेऊन दाखवा" असं विचारण्याची.

हे विचारायला वेळ लागतो. ओपीडीत सत्तर पेशंट बाहेर बसलेले असताना छातीच्या डॉक्टरांकडं तो नसतो, आणि त्याचा दोष मी त्यांना देणार नाही. इथंच टीमचं काम सुरू होतं.

माझ्यासमोर घेऊन दाखव

त्या दिवशी मी आत्तीला म्हटलं, रोटाहेलर घेऊन दाखव. तिनं कॅप्सूल घातली, गोल फिरवली, तोंडाला लावली आणि आधी आत फुंकर मारली. पांढरी पूड उडून पदरावर बसली. मग कपातला गरम चहा ओढावा तसा बारीकसा श्वास घेतला आणि म्हणाली, "झालं." रोटाहेलर उघडून बघितला तर अर्धी पूड कॅप्सूलच्या टोपणातच होती. त्या मात्रेवर गुण येत नाही म्हणून कागदावर मात्रा दोनदा वाढवलेली होती. फुप्फुसात मात्र ती कधी पोचलीच नव्हती.

यात ती एकटी नाही. इनहेलर वापरणाऱ्या दहापैकी सात-आठ जण तो चुकीचा वापरतात, आणि बहुतेकांना आपण बरोबरच घेतो अशी खात्री असते. गोंधळाचं एक कारण असं की पुडीच्या आणि फवाऱ्याच्या उपकरणांची पद्धत एकमेकांच्या उलट आहे. पुडीचं उपकरण तोंडाला लावण्याआधी श्वास बाहेर सोडायचा, उपकरणाच्या बाहेर, आणि मग ओठ घट्ट मिटून जोरात, झटक्यानं, खोल ओढायचं. रोटाहेलरमध्ये कॅप्सूल खडखडली पाहिजे. फवाऱ्याचा पंप हलवून, सावकाश, चार-पाच सेकंद लांब श्वास घेत मारायचा, आणि शक्यतो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून. दोन्हींत शेवटी दहापर्यंत आकडे मोजत श्वास रोखायचा. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. एकाच माणसाला दोन्ही प्रकारची उपकरणं दिली की हात चुकतोच. म्हणून शक्य तिथं एकच प्रकार मागून घ्यावा.

परदेशातल्या तीव्र दम्याच्या क्लिनिकमध्ये हे काम दम्याची खास शिकलेली नर्स करते. आपल्याकडं तसं पद क्वचितच असतं, पण काम करणारं माणूस मिळू शकतं: वॉर्डातली सिस्टर, मेडिकलवाला, फिजिओथेरपिस्ट, नाहीतर घरातली शिकती पोरगी. एकदा शिकवून भागत नाही, हेही सांगते. महिना-दीड महिन्यात हात परत जुन्या सवयीवर जातो. आत्तीला मी दर वेळी दुकानात पहिल्यांदा तेच करायला लावते.

बाकीची माणसं

नाकाचे डॉक्टर टीममध्ये असलेच पाहिजेत. नाक आणि श्वासनळी ही एकच सलग वाट आहे, वरचं घर सुजलेलं असताना खालचं कोरडं राहत नाही. सायनसचा त्रास, नाकातले मांसल कोंब म्हणजे पॉलिप यांचा इलाज झाला की छातीलाही फरक पडतो. पॉलिप आणि दमा एकत्र असलेल्या काहींना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी तासा-दोन तासांत जबरदस्त अटॅक येतो. गुडघे दुखतात म्हणून काउंटरवर येऊन "एक डायक्लो द्या" म्हणणाऱ्याला मी आता आधी विचारते, दमा आहे का?

फिजिओथेरपिस्ट म्हणजे फक्त कंबर-गुडघा असं आपल्याकडं वाटतं. वर्षानुवर्षं धाप सोसलेला माणूस मानेनं आणि खांद्यानं श्वास घ्यायला लागतो, उथळ आणि भरभर. अटॅक नसतानाही. अशा श्वासानंच छाती भरल्यासारखी वाटते, घाबरायला होतं, मग परत पंप. पोटानं हळू श्वास घेणं, कफ जोर न करता बाहेर काढणं, दम न लागता जिना चढायची लय, हे शिकावं लागतं आणि शिकता येतं. आत्तीला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असं विचारलं तर ती याच बाईंचं नाव घेते.

काही जणांत तर घोटाळा छातीत नसतोच, गळ्यात असतो. श्वास आत घेताना स्वरयंत्राच्या पट्ट्या उघडायच्या त्या मिटतात. ऐकू येणारा आवाज दम्यासारखाच, पण वाफ देऊन काही होत नाही आणि स्टेरॉइडची मात्रा उगाच चढत जाते. हे ओळखायला कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि सुधारायला स्पीच थेरपिस्ट लागतो. पित्त वर येणं, वजन, घोरताना श्वास अडकणं, दमा समजून चाललेला दुसराच आजार, हेही पाहिलं जातं, पण त्यात इथं फार शिरत नाही. मन मात्र सोडून चालणार नाही. मध्यरात्री श्वास न मिळण्याचा अनुभव ज्यानं घेतला तो परत झोपायला भितो. समुपदेशक त्या भीतीशी बोलतो तेव्हा तो दम्याचाच इलाज करत असतो.

काम काय करता?

टीममधल्या कुणीतरी हा प्रश्न विचारायलाच हवा. आत्तीला बावीस वर्षांत तो पहिल्यांदा त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारला.

आत्ती बेदाण्याच्या शेडवर जाते. फेब्रुवारीपासून उन्हाळाभर द्राक्षं जाळीवर वाळतात, आणि माल पिवळा-हिरवा, उजळ राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. जळत्या गंधकातून सल्फर डायऑक्साइड निघतो. निरोगी माणसाच्याही घशाला झोंबणारा हा वायू दमेकऱ्याच्या नळ्या मिनिटांत आवळतो. तिच्या ॲडमिट होण्याच्या तारखा काढल्या तर तीनपैकी दोन मार्च-एप्रिलमधल्या. सगळे म्हणत होते, ऊन बाधतंय.

आपल्या जिल्ह्यात अशी कामं आणि असे दिवस पुष्कळ आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पूड हवेत असते. ऊस तुटला की फडात पाचट पेटतं, गुऱ्हाळाच्या चुलवणाला धूर असतो, बागेत फवारणी असते, कोंबड्यांच्या शेडमध्ये धूळ आणि अमोनिया. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या किती घरांच्या भिंती महिनोन् महिने ओल्या होत्या, आणि त्या ओलीवर काळी बुरशी धरली होती. ॲस्परजिलस नावाची बुरशी काही दमेकऱ्यांच्या नळ्यांत घर करते आणि शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठतं. कफातून तपकिरी खडे पडतात, रक्तातलं आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं प्रथिन, फार चढतं. भारतातल्या छातीच्या दवाखान्यांत हा प्रकार दुर्मीळ नाही, आणि त्याचे उपचार नेहमीच्या दम्याहून वेगळे आहेत.

सुट्टीच्या दिवशी किंवा माहेरी गेल्यावर बरं वाटतं का, हे लिहून ठेवा. तेवढ्या एका नोंदीवरून डॉक्टर बरंच ओळखतात.

महागडी इंजेक्शनं आणि ती कुणाला

एवढं सगळं सुधारून तीन ते सहा महिने गेले आणि तरीही दमा उसळतच राहिला, तर मग तो खरा तीव्र दमा. आता तो कुठल्या जातीचा हे शोधायचं. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आयजीई, आणि सोय असेल तिथं श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात. इओसिनोफिल मायक्रोलिटरला १५० ते ३०० च्या वर असतील तर सूज या पेशींच्या वाटेनं चाललेली असण्याची शक्यता मोठी. दोन गोष्टींनी हा आकडा फसवतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तो खाली दिसतो, आणि पोटात जंत असतील तर वर. म्हणून रक्त तपासताना गोळ्यांचं सांगायचं.

त्या सुजेच्या नेमक्या दुव्यावर बसणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आता आहेत. ओमालिझुमॅब आयजीईला धरतं. अमेरिकेत ते २००३ मध्ये मंजूर झालं, या गटातलं पहिलं. मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब इओसिनोफिलवर चालतात. ती औषधाप्रमाणं दोन ते आठ आठवड्यांनी कातडीखाली घ्यायची. योग्य माणसाला दिली तर जोराचे अटॅक साधारण निम्म्यावर येतात आणि कित्येकांच्या स्टेरॉइड गोळ्या उतरतात, काहींच्या सुटतात. चुकीच्या माणसाला दिली तर हजारो रुपये दर वेळी पाण्यात, कारण ही इंजेक्शनं फार महाग आहेत.

म्हणूनच इंग्लंडमध्ये असं इंजेक्शन सुरू करायचं की नाही हे तीव्र दम्याच्या केंद्रातल्या टीमच्या बैठकीत ठरतं. छातीचे तज्ज्ञ, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ एका टेबलाभोवती बसतात. फार्मासिस्ट सांगतो की या बाईंनी वर्षात किती इनहेलर उचलले. नर्स सांगते की तंत्र सुधारलं का. फिजिओ सांगतो की धापेतला किती भाग दम्याचा आणि किती चुकीच्या श्वासाचा. आकडे आणि माणूस एकत्र ठेवून मग निर्णय होतो, आणि चार-एक महिन्यांनी गुण आला का ते परत बघतात. आत्तीला अजून इंजेक्शनची वेळ आलेली नाही. येईलही कदाचित. पण फुंकर मारून पूड पदरावर उडवणाऱ्या बाईला ते आधीच लावलं असतं, तर इंजेक्शन कशाचा इलाज करत होतं हे कुणालाच कळलं नसतं.

आपल्याकडं हे कसं जमवायचं

टीम म्हटलं की मोठी इमारत डोळ्यांसमोर येते. आपल्या भागात माणसांची वाण नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडला तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट मिरजेला येतायत. १९६२ पासून तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत सिव्हिल आहे, कराडला वैद्यकीय महाविद्यालय आहे. छातीचे, नाकाचे, डोळ्यांचे तज्ज्ञ, फिजिओ, सगळे सांगली-मिरजेतच दहा-पंधरा किलोमीटरच्या आत भेटतात. फक्त ते एकमेकांना भेटत नाहीत. त्यांच्यामधे फिरतो तो पेशंट आणि त्याची पिशवी. मग ती पिशवीच नीट लावायची.

आम्ही पाच फायलींची एक केली. तिच्या पहिल्या पानावर सगळं आलं: आजार कोणते, रोजची औषधं मात्रेसकट (डोळ्याचे थेंब, मलम, गावठी पुडीसुद्धा), कशानं दम उसळतो, वर्षात स्टेरॉइड गोळ्यांचे किती कोर्स झाले, किती वेळा ॲडमिट, निळे पंप किती, आणि पाचही डॉक्टरांचे फोन. कुणाही डॉक्टरकडं गेलं की बदललेलं औषध त्याच पानावर लिहून घ्यायचं. गावठी पुडीचं मुद्दाम लिहिलं. कित्येक "रामबाण" पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि पुडीनं लगेच गुण आला तर संशय जास्त घ्यावा. तुम्ही कोजागरीला दम्याच्या औषधाची खीर घेत असाल तर त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पंप बंद करू नका, एवढंच.

या सगळ्या माणसांना जोडणारा एक कुणीतरी ठरवावा लागतो. बऱ्याचदा फॅमिली डॉक्टरच यासाठी सगळ्यात चांगले, कारण त्यांना घर माहीत असतं. गावातल्या आशाताईंनाही सांगून ठेवावं.

फाईलचं दुसरं पान अटॅकचं. ते छातीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, आणि मोठ्या अक्षरात, कारण रात्री दोनला नातू वाचणार असतो. रोजचं काय. खोकला-घरघर वाढली, रात्री जाग यायला लागली तर काय वाढवायचं. आणि केव्हा थांबायचं नाही: एक वाक्य एका श्वासात पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल. तेव्हा स्पेसरमधून निळ्या पंपाचे चार फवारे, एकेक करून, आणि १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत दर वीस मिनिटांनी परत. छातीतली घरघर एकदम थांबली आणि माणूस मात्र दमलेलाच, तर ते बरं झाल्याचं लक्षण धरू नका. हवा आत जाणंच थांबत आलेलं असतं.

या पानाची किंमत ब्रिटनला फार महागात कळली. दम्यानं गेलेल्या १९५ जणांच्या मृत्यूंची तिथं छाननी झाली, अहवाल २०१४ मध्ये आला. अशी लेखी योजना मिळालेले जेमतेम २३ टक्के होते. ४५ टक्के माणसं मदत मागण्याआधी किंवा पोचण्याआधीच गेली. आपल्याकडं जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त, असा अंदाज आहे. हे आकडे वाचले की मला माझ्या काउंटरवरचे निळे पंप दिसतात.

आणखी एक सांगते, कारण यात जीव जाऊ शकतो. जास्त दिवस चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं एकदम बंद करू नका. शरीर आपलं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळूच उतरवायच्या.

आत्तीच्या आता उतरतायत. यंदाच्या हंगामात ती धुरीच्या शेडवर गेली नाही, मालकानं तिला पेट्या भरण्याच्या खोलीत घेतलं. पगार थोडा कमी. फेब्रुवारीत एकदा दम उसळला, दोन दिवस सिव्हिलला काढले, पण मार्च-एप्रिल घरीच गेले. नाकात पॉलिप निघाले आणि डायक्लोपासून लांब राहायला सांगितलंय, ते पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलंय.

परवा तिची दाढ दुखत होती म्हणून मी तिला माझ्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. खुर्चीत बसायच्या आधी तिनं पिशवीतून फाईल काढली, पहिलं पान उघडून त्यांच्या म्होरं ठेवलं आणि म्हणाली, "आदी हे वाचा, मग दाढ बगा." डॉक्टरांनी वाचलं, लाल शाईवर बोट ठेवलं, दुखण्याची गोळी बदलली आणि छातीच्या डॉक्टरांचा नंबर फिरवला.